भट्टीचं दार

१ मार्च
या स्फटिकाची खरी किंमत: अकरा महिने, दोन फुटलेल्या मुशी आणि बायकोच्या भाचीचं लग्न. भट्टी तापत होती, गेलो नाही. बायको म्हणाली, आता त्या दगडालाच काका म्हणायला शिकवा.
घनपदार्थ विज्ञान परिषदेचा पुरस्कार यंदा आपलाच. ऑफिसातल्या बाई फोनवर म्हणत होत्या, यंदा भट्टीवाल्यांचा नंबर. माझे कान तिखट. भट्टीवाला मी एकटाच. शेजारच्या भट्टीवर माझी धाकटी सहकारी आहे, पण तिला येऊन दोनच वर्षं झालीत. मी मुशी घासत वर आलो.

२ मार्च
भट्टी आता तासाला एक अंश थंड होणार. परीक्षक २३ला. तोवर दार बंद. उघडलं की वारा, वारा की तडा. धाकटीला म्हटलं, या कामाला डोकं कमी, धीर जास्त लागतो. धीर माझ्याकडून शिक. हो सर म्हणाली आणि २३पर्यंत रजेवर गेली. तिची चालू भट्टी वाऱ्यावर! बेफिकिरी.

५ मार्च, ११.१५
दार उघडलं. बोटभर. बघणं म्हणजे उघडणं नव्हे.

९ मार्च
बाईंना विचारलं, परीक्षक कडक आहेत का? म्हणाल्या, छे हो, नुसते बघतात. नुसते म्हणजे? पुन्हा उघडलं. शेवटचं.

१४ मार्च
शेवटचं म्हटलं होतं ते बोटभर उघडणं. आज वीतभर.

१८ मार्च
आतून टक्! लोखंड आकसलं असणार. लोखंडच. रविवार असूनही दोनदा जाऊन आलो. बायको म्हणाली, पोटच्या पोरीच्या तापात तरी इतक्यांदा उठला होता का?

२३ मार्च, दुपारी
परीक्षकांनी आधी तापमानाच्या आलेखाचा कागद उलगडला. हे खड्डे कसले? म्हटलं, वीज जाते. ते म्हणाले, रोज सव्वाअकरालाच जाते का हो?
दार उघडलं. मुशीत सात तुकडे. शेजारच्या भट्टीत अख्खा स्फटिक, अंगठ्याएवढा, पाण्यासारखा स्वच्छ. परीक्षक माझ्याशी फार गोड बोलले. तेव्हाच कळलं.

३० मार्च
पुरस्कार धाकटीला. पत्रात लिहिलंय, 'संयमाने केलेल्या कामाबद्दल'. सर, तुमच्यामुळेच, म्हणाली. मनापासून म्हणाली, तेच लागलं.
संध्याकाळी कागदावरचे खड्डे मोजले. एकवीस दिवसांत सव्वीस.