साडेसहाचं बदक

१५ नोव्हेंबर १९९८, रविवार
साडेसहाला काळूराम आला. म्हणजे वायरलेसच्या सेटवर, हवेतून; देहाने तो मुरबाडलाच. नेहमीप्रमाणे एएमवर. पण आवाज खरखरीत, वाक्याच्या शेवटी विझणारा. मी ताबडतोब निदान केलं: माइकमध्ये दमट हवा शिरली आहे. कार्बनचा माइक, थंडीत असं होतंच. उन्हात ठेव म्हटलं. तो म्हणाला, मास्तर, माइक नाय रे, घसाच धरलाय, दोन महिने झाले. मी म्हटलं, घसा धरला तर असा आवाज येत नाही, मी भातसानगरच्या धरणावर, वायरलेस रूममध्ये हयात घालवली आहे. तो म्हणाला, मी पण तिथंच घालवली. मुद्दा तो नाही.
(मी मास्तर कधीच नव्हतो. शाळेतल्या कविता अजून पाठ आहेत म्हणून त्याने पाडलेलं नाव.)

१७ नोव्हेंबर
माझ्याजवळचा चांगला माइक मुरबाडच्या एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवला. सोबत निरोप: जुना फेकून दे. शकू म्हणाली, माइक कसला धाडताय, ज्येष्ठमध धाडा. बायकोला मॉड्युलेशन समजत नाही, हा तिचा दोष नाही.

२० नोव्हेंबर
नव्या माइकवरही तीच खरखर. हल्ली माइकचा माल पूर्वीसारखा येत नाही.

२९ नोव्हेंबर, रविवार
फार मनाला लागलं. काळूरामच्या पोराने, हरेशने, दुबईहून जपानी सेट आणला आहे. साइडबँडचा! काळूराम म्हणाला, एएमवर बोलायला छातीतून जोर काढावा लागतो, तो आता निघत नाय; याच्यावर कुजबुजलं तरी पोचतं. तू फकस्त तुझ्या रिसीव्हरचं ते साइडबँडचं बटण फिरव, मी बोलतोच आहे रोज.
मी नम्रपणे सांगितलं, तू तुझ्या वाटेने जा. नम्रपणा त्याला ऐकू गेला की नाही, कळलं नाही. माझ्या आवाजाने सेटचा काटा लाल रेघेपर्यंत जात होता.

३० नोव्हेंबर, दुपारी
एएमच का? निदान स्वतःसाठी लिहून ठेवतो.
धरणावर जन्मभर टिकटिक केली. पाण्याची पातळी, पावसाचे आकडे, सगळं मोर्समध्ये. टिकटिक कोणीही करो, आकडा तोच. त्यात माणूस कुठे असतो? रिटायर झाल्यावर आम्ही दोघांनी हौशी वायरलेसचा परवाना काढला तो माणसाचा आवाज ऐकायला. वॉल्व्ह जोडून स्वतःच्या हाताने सेट बांधले. एएमवर आवाज भरलेला येतो, तव्यावर तांदळाची भाकरी फुगते तसा. आणि कॅरिअर! बोलणारा गप्प झाला तरी त्याची लहर चालू असते. रेडिओच्या पट्ट्यावरची खरखर एकदम निवते, काटा वर राहतो. समोर कोणी बसलंय हे कळतं. काळूराम बोलता बोलता चहाचा घोट घेतो तेव्हा मला त्या शांततेवरून कळतं. साइडबँडवर गप्प झालेला माणूस म्हणजे नसलेला माणूस.
शिवाय साध्या रिसीव्हरवर साइडबँड ऐकलं तर निव्वळ बदक. पॅक पॅक पॅक. ते बटण फिरवलं की बदकाचा परत माणूस होतो म्हणतात. पण माणसाचं आधी बदक करायचंच कशाला?
संकल्प: काळूरामला एएमवर परत आणणे. मुदत: संक्रांत.

१ डिसेंबर
तत्त्वाला जागून ते बटण रिसीव्हरवरून उपटलं. शकूच्या डाळीच्या पातेल्याच्या झाकणाची मूठ तुटली होती, तिथे स्क्रूने बसवलं. फिट्ट. ती खूश.
तिला ताकीद दिली: काळूरामचा फोन आला तर मी शेतावर गेलोय. ती म्हणाली, शेतावर तुमी कदी गेलाव ते त्यांना म्हाईत नाय काय?

४ डिसेंबर
साडेसहाला आमच्याच फ्रिक्वेन्सीवर एक बदक. कोण कुठला उपटसुंभ. मी ट्रान्समीटर लावून सांगितलं की ही जागा पूर्वापार एएमची आहे, कृपया सरकावं. बदक गप्प बसलं. जरा वेळाने पुन्हा पॅक पॅक.
काळूराम असेल का? छे. त्याला माझी मतं माहीत आहेत. आपल्याच माणसाच्या दारात उभा राहून तो पॅक पॅक करणार नाही.

१३ डिसेंबर, रविवार
नवी योजना. रोज साडेसहाला एएमवर ‘एएमचं माहात्म्य’. काळूराम कुठेतरी कान लावून असणारच. जपानी सेटवर एएम चांगलं ऐकू येतं, तेवढं मी मान्य करतो.
आज पहिलं पुष्प. ‘फितूर’ हा शब्द दोनदा वापरला, ‘दगाबाज’ एकदाच. शेवटी चौथीतली नदीची कविता म्हटली. हौशी केंद्रावरून कविता म्हणणं नियमात बसतं का? बसतं असं ठरवलं. मी चढ्या आवाजात बोललो की घरातला बल्ब मंदावतो. शकू म्हणाली, आज लय मंदावत व्हता, कोनाच्या अंगावर ओरडलाव एवढं?
काळूरामला कवितेचं वावडं. आम्ही एका बाकावर बसायचो. तिसरीतल्या पाखरांच्या कवितेत तो दुसऱ्या कडव्याला हमखास अडायचा, मग मी मागून कुजबुजायचो. त्या उपकाराची ही फेड.
बदक माझं पुष्प संपेपर्यंत गप्प होतं. शिष्टाचार शिकतंय.

२५ डिसेंबर
फोन शकूने घेतला. काळूरामच्या बायकोचा होता. शकू म्हणाली, भाऊजींना ठान्याला न्यायचंय, डागदरानं गळ्यात गाठ सांगितली. मी म्हटलं, थंडीत कोणाच्या गळ्याला गाठी येत नाहीत? तिने पातेल्यावर झाकण आपटलं. मूठ मजबूत बसली आहे.
रविवारी मुरबाडला जाऊन यावं.

२७ डिसेंबर, रविवार
गेलो नाही. गेलो तर त्याला वाटणार, मास्तरांनी साइडबँडला मान्यता दिली. शिवाय एरियलची आंब्याकडची दोरी सैल झाली आहे, ती कोण बघणार?

३ जानेवारी १९९९, रविवार
गेलो नाही. गुडघा. दोरीही तशीच आहे.
बदक मात्र एक दिवस चुकत नाही. चिकाटी वाखाणण्यासारखी. ती एएममध्ये घातली असती तर!

१० जानेवारी, रविवार
आज बदक चालीत बोलत होतं. शब्द कळायचा प्रश्नच नाही, पण माझा कान शाबूत आहे: चाल तिसरीतल्या पाखरांच्या कवितेची. पहिलं कडवं झालं आणि अडलं. थोडं थांबलं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच अडलं. त्या कडव्याला सगळेच अडतात. मला त्याची कीव आली. पाठांतर करून घेणारं कोणी नसेल बिचाऱ्याला. तिसऱ्यांदा सुरू झालं. पण माझी वेळ झाली होती. कॅरिअर टाकला आणि पुष्प सुरू केलं.
आजचा विषय: माणसाचा आवाज. फार उत्तम झाला.

१४ जानेवारी
संक्रांत. काळूराम एएमवर आला नाही. बदकही चार दिवस नाही. माझ्या पुष्पांचा परिणाम. पट्टा अगदी स्वच्छ. स्वच्छ पट्ट्यावर नुसती खरखर फार मोठ्याने ऐकू येते.
मुदत वाढवली: होळी.

१७ जानेवारी, रविवार
शकू एकटीच ठाण्याला जाऊन आली. मीही जाणार होतो, पण साडेसहाला कोणीतरी हवं. आल्यावर ती थेट स्वयंपाकघरात गेली. मी विचारणार होतो, तेवढ्यात तिने ताट वाढलं. तिळगुळाचा डबा नेला तसा परत आणलाय. म्हणाली, गिळवत नाय त्यांना. यंदाचा पाक कडक झाला असावा.

२४ जानेवारी, रविवार
विषय सुचला नाही. कॅरिअर टाकून थोडा वेळ बसून राहिलो. मग बंद केला.

७ फेब्रुवारी, रविवार
विजय! विजय!
साडेसहाला पट्ट्यावरची खरखर एकदम निवली. काटा वर. कॅरिअर! आणि तो कोणाचा हे मला सांगायला नको: काळूरामचा सेट लावल्यावर आधी जरासा सरकतो, मग जागेवर बसतो. जपानी डबा सोडून गडी एएमवर परत आला. होळीच्या आत!
आवाज मात्र नाही. मी म्हटलं, काळूराम, माइक तपास. कॅरिअर गेला, आला, गेला, आला. मी म्हटलं, लूज कनेक्शन आहे, कॉन्टॅक्ट साफ कर. पुन्हा गेला, आला, कधी जरा जास्त वेळ, कधी कमी. मी म्हटलं, असू दे, तू आलास यातच सगळं आलं, मी तुला माफ केलं आहे. मग नदीची कविता म्हटली, सगळी कडवी. तो शेवटपर्यंत बसून होता. काटा हलला नाही.
धावत जाऊन शकूला सांगितलं, काळूराम परत एएमवर आला, फक्त त्याचा माइक बिघडलाय.
ती भाकरी थापत होती. हात थांबले. म्हणाली, बोलनार कशानी हो ते? गळ्यातला आवाजच काढला ना त्यांचा. तुमाला मी सांगितलं नाय, तुमी कुठं ऐकत व्हता. आपरेशनला ठान्याला नेलं, त्याच्या आदल्या दिशी त्यांनी मला फोन केलता. बोलवत नव्हतं, तरी म्हनले, उद्यापासून आवाज नाय, त्याला सांग आज बटन फिरव. मी निरोप सांगाया आले, तर तुमी त्या माइकात ओरडत व्हता. हातानं गप कर म्हनलाव मला.
भाकरी करपली. आम्ही तशीच खाल्ली.

८ फेब्रुवारी
गेला, आला, गेला, आला. कधी जास्त वेळ, कधी कमी. लूज कनेक्शन म्हणे!

९ फेब्रुवारी
सकाळी चहाला गेलो तर डाळीच्या पातेल्यावर ताटली होती. बटण माझ्या कपाशेजारी.
बटण बसवलं. साडेसहाला कॅरिअर आला. बटण फिरवलं आणि शिट्टीसारखा स्वच्छ सूर: मोर्स. रोमन अक्षरांत मराठी. माझा मोर्स गंजलाय, पण हात ओळखला. तो ‘डा’, म्हणजे मोर्सचा लांब ठोका, जरा जास्तच लांबवतो, धरणावरही लांबवायचा, त्यावरून साहेब चिडायचे. टिकटिक कोणीही करो, हे मी कुठेतरी लिहिलं आहे. ते खोडावं लागेल.
मी बोललो, तो ठोकत राहिला. विचारलं, ते बदक तूच? हो. माझी पुष्पं ऐकलीस? सगळी. फितूरसुद्धा? हो. दगाबाज? हो. मग रोज का येत होतास? यावर बराच वेळ नुसता कॅरिअर.
विचारलं, त्या रविवारी दुसरं कडवं पुढे आलं का रे?
आलं. अख्खी म्हटली. तू तेव्हा माझ्यावरून बोलत होतास.
काहीतरी बोलायचं म्हणून वायरलेसवाला नेहमी विचारतो तेच विचारलं: माझा आवाज कसा येतोय?
बराच वेळ ठोकत होता. एक एक अक्षर कागदावर उतरवून घेतलं. जसंच्या तसं:
भुणभुण आहे. कंडेन्सर गेलाय. सेट बांधला तेव्हापासून. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाय.

संकल्प: रविवारी मुरबाडला जाणे.
गुडघा दुखतोच आहे.