गोवराची सुई आणि व्याह्यांचा आवाज

रा. रा. सुधाकरराव व्याही, मुक्काम भीमपूर, यांस जैनथहून मारोतीचा रामराम. तुमची तब्येत बरी असावी, दुकान चालत असावं, व्याहीणबाईंचे गुडघे दुखत नसावेत. (सुनेचे वडील म्हणून एवढं आधी लिहिलं. आता ऐका.) पत्र काऊन लिहिलं म्हणाल, तर 'सोयरे मंडळ' ग्रुपमधून तुमी मला काढून टाकलं.

मागं तुमी ग्रुपवर बोलून पाठवलं, गोवराच्या सुईनं लेकरं मुकी होतात. कोण्या डॉक्टरनं सांगितलं, कोणतं लेकरू मुकं झालं, काही नाही. पण आवाज असा भारदस्त, जसं सारं स्वतः तपासून आले. (तुमी खत-बियाणं विकता, व्याही!) रंजितानं बापाचा शब्द म्हणून ते पुन्हा पुन्हा ऐकलं, आन गावची आशाताई भाग्यलक्ष्मी सुईसाठी बोलवायला आली तर आतून कडी लावून बसली. मी तिकडं वांगी तोडून राह्यलो होतो. मला संध्याकाळी कळलं.

मग आपल्या नातीला, अर्पिताला गोवरच आला. अंगभर पुरळ, डोळे चिकटलेले, ताप असा की अंगाला हात लाववेना. ऑटोत मांडीवर घेऊन आदिलाबादचा दवाखाना गाठला तवा लेकराची छाती घरघरून राह्यली होती. डॉक्टरीणबाई आधी तेलुगूत ओरडल्या, मग मला समजावं म्हणून हिंदीत ओरडल्या, "टीका क्यों नहीं लगवाया?" रंजिता भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बाबा नको म्हणले होते." त्या घडीला तुमी समोर असते तर सोयरीक तिथंच मोडली असती. नात वाचली. पण घरी आली तवा नुसती काडी; रडायला तोंड उघडे, आन आवाज निघत नसे.

हेच मी ग्रुपवर लिहिलं. तुमी आधी जोडलेले हात पाठवले, मग गुलाबाचं फूल, मग "ग्रुपवर वाद नको" म्हणून मला बाहेर! नातीचा जीव म्हणजे वाद काय हो?

घरच्या सगळ्यांना यथायोग्य.
तुमचा (नाइलाजानं) व्याही,
मारोती

ता.क. तुमाला कुत्रं चावलं तवा तुमी एकही सुई चुकवली नाही, हे व्याहीणबाईंनी रंजिताला सांगितलं. चांगलंच केलं. फक्त ते ग्रुपवर सांगायचं राहून गेलं.

दुसरा ता.क. तुमची धाकटी लेक सपना बाळाला घेऊन तुमच्याकडंच आहे, आन त्याची सुई राह्यली आहे. बुधवारी सुया देतात, तवा त्याला स्वतः कडेवर घेऊन जा. आल्यावर त्याच भारदस्त आवाजात ग्रुपवर खरं काय ते सांगा. माझं तिथं कोणी ऐकत नाही, तुमचं सगळे ऐकतात. राग त्याचाच आहे.