जीभ पोळेल इतकं गरम

प्रिय जार्विस,

तुझं पत्र आलं तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. शुक्रवारी तू सुटतोयस हे ठाऊक होतं. पूर्ण शिक्षा भोगून येतोयस, आता कुणाकडे हजेरी लावायला नको, कुणाची परवानगी काढायला नको, हेही ठाऊक होतं. पण शेवटी तू जे लिहिलंस ना, त्यावर मी अडकले. आत सगळं थंड मिळतं म्हणालास. अंडी थंड, मक्याची लापशी भिंतीच्या गिलाव्यासारखी घट्ट. आणि मग, "ममा, पहिल्या दिवशी मला तुझ्या हातचा कॅटफिश हवा, जीभ पोळेल इतका गरम." बस्स, तेव्हापासून मी उठते, बसते, पुन्हा उठते. पडदा सारखा करते, तो सारखाच असतो. सिस्टर लोरेटा चर्चमध्ये म्हणाली, "अर्नेस्टीन, प्रार्थना चाललीय, तुझा पाय का नाचतोय?" मी म्हटलं, पायाची वेगळी प्रार्थना चाललीय.

तू विचारलंस की मी पत्रं चर्चच्या पत्त्यावर का मागवते. आपल्या गल्लीत टपाल चोरीला जातं, असं मी फोनवर सांगितलं होतं. त्याबद्दल पुढे लिहिते. मागच्या अंगणातल्या पिकॅनच्या झाडाला यंदा किती फळं धरली, असंही विचारलंस. त्याबद्दलही पुढे. आधी जेवणाचं लिहू दे, कारण डोक्यात तेच आहे.

स्टोव्हचं माझं सध्या जमत नाहीये. म्हणून म्हटलं, मासा नाही तर नाही, निदान काहीतरी गरमागरम विकत घेऊन ठेवू. मोठ्या दुकानात गेले. तिथे काचेमागे भाजलेल्या कोंबड्या फिरत असतात, त्यातली एक उचलली. गल्ल्यावर शनीस होती, तुझ्या वर्गातल्या ब्रँडनची धाकटी बहीण. मी सरकारी कार्ड पुढे केलं, महिन्याच्या जिनसांचं. ती माझ्याकडे बघेचना. म्हणाली, "मिस अर्नेस्टीन, हे गरम आहे. कार्डावर नाही चालत."

"अगं, खायचंच आहे ना हे? आणि कार्डही खाण्याचंच आहे."

"हो, पण गरम नाही चालत. तिकडे फ्रीजमध्ये बघा ना, तीच कोंबडी आहे. थंड. ती चालते."

"तीच म्हणजे?"

"कालची. काल कुणी घेतली नाही म्हणून थंडीत गेली."

मागून एक बाप्या म्हणाला, "बाई, हातात धरून जरा उभ्या राहा की, होईल थंड." सगळे हसले. मीही हसले, विनोद चांगलाच होता. बाहेर आल्यावर मात्र इतकी चिडले की चुकीच्या दिशेला चालत सुटले. शाळेच्या स्वयंपाकघरात माझा सगळा जन्म गेला. एका पोराच्या ताटात मी कधी गार वाढलं नाही, तू विचार कुणालाही. आणि आता माझ्या स्वतःच्या पोराला मी काय वाढू, तर कालची गार कोंबडी? कायदा करणाऱ्यांना वाटत असेल की गरिबाने सामान घरी न्यावं आणि चुलीवर शिजवावं. बरोबर आहे. चूल असेल तर.

मग मी सिस्टर लोरेटाकडून विजेची शेगडी मागून आणली, पिशवीत टॉवेलखाली लपवून. म्हटलं, आधी कांदा परतून बघू. कांदा लाल व्हायच्या आत छताला लावलेला धुराचा भोंगा असा किंचाळला की शेजारचा ट्रकवाला अर्ध्या कपड्यांत बाहेर पळाला. मिस्टर पटेल धावत आले. शेगडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मिस अर्नेस्टीन, खोलीत स्वयंपाक नाही करायचा. आग लागली तर?" मी म्हटलं, "आणि तुमच्या ऑफिसच्या मागून रोज फोडणीचे वास येतात ते?" ते म्हणाले, "तिथे स्वयंपाकघर आहे हो." मी शेगडी पुन्हा टॉवेलात गुंडाळली. संध्याकाळी त्यांच्या बायकोने दारात एक झाकलेला वाडगा आणून ठेवला. पिवळी डाळ होती, गरम. तिखट लागलं म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं मी तिला सांगितलं.

पटेल कोण, कसली खोली, असं तू आता विचारत असशील. सांगते. पिअर स्ट्रीटचं आपलं घर गेलं, बाळा; टपालचोराची गोष्ट मी रचलेली. म्हातारे मिस्टर ग्रेडी वारले, आणि त्यांच्या मुलाने आपल्या रांगेतली सगळी भाड्याची घरं विकून टाकली. नव्या मालकाचं भाडं मला झेपण्यासारखं नव्हतं. हिवाळ्यापासून मी हायवेवरच्या मिस्टर पटेलांच्या मोटेलमध्ये आहे. पेन्शन खोलीच्या भाड्यात जाते, आणि खाणं कार्डावर, म्हणजे थंड. खोली स्वच्छ आहे, दोन पलंग आहेत. दुसऱ्या पलंगावर तुझ्या शर्टांचं खोकं आहे, आणि पिकॅनच्या कडक कवचाच्या फळांची एक पिशवी. निघायच्या दिवशी मी झाडाखाली वाकून वेचली. फोनवर कितीदा ठरवलं सांगायचं. पण तू आधी घराचंच विचारायचास, आणि माझ्या तोंडून "छान आहे" निघून जायचं. तुला आत राहून डोळ्यांपुढे आणायला ते एक घर होतं. ते मी कसं काढून घेऊ?

आता हॉलिसचं ऐक. नदीजवळचं त्याचं मासळीचं दुकान तुला आठवत असेल. त्याच्याकडे कच्चा मासा कार्डावर मिळतो, आणि तो तिथेच तळूनही देतो. पण तळायचे पैसे वेगळे, रोख. आणि रोख पैसे माझ्याकडे कुठले? काचेपाशी मी इतका वेळ घुटमळले की तोच म्हणाला, "मिस अर्नेस्टीन, मासा पसंत करताय की जावई?" मग त्याला माझी अडचण कळली. हळूच म्हणाला, "द्या, मी तळून देतो, पैशांचं राहू द्या." झालं, माझं डोकं फिरलं. फुकटचं नको होतं, आणि शिवाय त्याचा मासा मी खाल्लाय. मी सगळ्या रांगेसमोर म्हटलं, "हॉलिस, तुझं पीठ माशाला धरत नाही. घास घेतला की मासा एकीकडे आणि पिठाचा कोट एकीकडे. माझा मुलगा इतक्या वर्षांनी येतोय, त्याला मी हे देऊ?"

रांगेत कुणीतरी "ओहो!" केलं. हॉलिसने ॲप्रन काढला आणि माझ्या अंगावर फेकला. "मग या आत. दाखवा."

गेले आत! मक्याचं पीठ माझ्या पद्धतीने तयार केलं, लाल तिखट जरा चढं टाकलं, मासा आधी कोरडा पुसून घेतला. तेलात सोडल्यावर जो आवाज झाला ना जार्विस, तो ऐकून माझे पाय पहिल्यांदा ठरले. हॉलिसने एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि म्हणाला, "शुक्रवारी गर्दी असते. माझी तळणारी गुडघा धरून बसलीय. याल का दर शुक्रवारी? रोजावर. आणि वर एक गरम ताट, तुमचं." मी म्हटलं, विचार करून सांगते. दारापर्यंत जाऊन परत आले आणि हो म्हटलं.

पण अडचण अशी की हा पहिलाच शुक्रवार तुझा आहे, आणि तुझी बस येते तेव्हा दुकानात सगळ्यात जास्त गर्दी असते. बसवर आले तर ताट गेलं, आणि ताट सांभाळलं तर तुला घ्यायला कुणी नाही. दोन रात्री हाच हिशेब घोळवतेय. मी ताट धरलंय, रागावू नकोस. हे पत्र आजच टाकतेय, ते तू निघायच्या आत तुझ्या हातात पडू दे, एवढंच देवाकडे मागणं आहे. नाहीतर तू बसमधून उतरून सरळ पिअर स्ट्रीटला जाशील, दार वाजवशील, आणि कुणीतरी परकं माणूस विचारेल, कोण पाहिजे. तसं व्हायला नको. तिकडे वळूच नकोस. नदीच्या बाजूला चालत ये, वास तुला आणून सोडेल. दुकानात शिरलास की हाका मारू नकोस, माझा हात तेलावर असेल. सगळ्यांसारखा रांगेत उभा राहा. तुझी पाळी आली की ताट पुढे येईल, त्याचे पैसे माझ्या हातांनी आधीच चुकते केलेले असतील. आणि एक सांगते, फुंकर मारू नकोस. तुझी जीभ पोळलेली मला बघायचीय.

तुझीच, काउंटरच्या आतल्या बाजूला वाट बघणारी,
ममा