डोंगरावर पाणी कमीच न्यावं

१४ ऑगस्ट २००४, शनिवार. सांता क्लारा.
आमचा डायरेक्टर गॅरी दरवर्षी सिएराच्या डोंगरात हरणाच्या शिकारीला जातो. यंदा सोबत कोण येणार, असं त्याने काल मीटिंगमध्ये विचारलं. माझा हात सगळ्यांच्या आधी वर. मॅनेजरची जागा सध्या रिकामी आहे, हा निव्वळ योगायोग. बंदूक एकट्या गॅरीची, आपण फक्त ओझं उचलायचं. मी शाकाहारी आहे हे सांगायची वेळ आली नाही. माझ्या टीममधल्या ओजसचंही नाव देऊन टाकलं. नागपूरचा पोरगा, व्हिसा कंपनीच्या हातात. नाही म्हणायची त्याला सवय नाही.

२१ ऑगस्ट
सराव सुरू. सॅकमध्ये पाण्याचे कॅन भरून कॉम्प्लेक्सला पाच चकरा. एक मारली. बाकीच्या उद्यापासून. कॉलेजात सिंहगड चढायचो, पाया पक्का आहे. सलोनी म्हणाली, तिथे वाटेत ताक विकणाऱ्या बायका होत्या. बायकोला डोंगरातलं काही कळत नाही.

१९ सप्टेंबर
सराव उद्यापासून नक्की.
गॅरीची मेल आली. वरचा झरा आटलाय, प्रत्येकाने सहा लिटर पाणी घ्या म्हणे. अमेरिकन माणूस घाबरट. सहा लिटर म्हणजे सहा किलो, पाठीवर. माझी थिअरी: दोन लिटर सॅकमध्ये, बाकीचं निघतानाच पोटात. ओजसला समजावली. तो म्हणाला, मी सहाच घेतो. नागपूरचे उन्हाळे काढलेला माणूस, आणि ही भीती.

२५ सप्टेंबर, शनिवार. दुपार.
पायथ्याशी चार लिटर संपवलं. मग चढताना सारखं झाडामागे. गॅरी म्हणाला, हरणांना वास जातोय. पोटातलं पाणी अपेक्षेपेक्षा लवकर गेलं. सॅकमधलंही. थिअरीत चूक नाही, हवाच फार कोरडी. ओजसकडे एक घोट मागितला. मग आणखी. त्याचं ओझं हलकं होतंय, हे त्याच्या लक्षात आणून दिलं.

संध्याकाळ
ओजसची उरलेली बाटली माझ्या सॅकमध्ये घेतली. टीम लीडने भार उचलायलाच हवा.

२६ सप्टेंबर, रविवार
सकाळी गॅरीला हरीण मिळालं. या परवान्यासाठी कित्येक वर्षं थांबला होता म्हणे. मांस उचलायला तिघांत वाटलं. उतरताना ओजसच्या पायात गोळे आले, मग उलट्या, मग तो आईशी बोलायला लागला. आई नागपुरात. गॅरीने विचारलं, ह्याचं पाणी कुठंय. मी म्हटलं, संपवलं असेल. गॅरीने त्याला स्वतःचं सगळं पाणी पाजलं, मांस तिथेच टाकलं आणि त्याला खांद्यावर घेतलं. मांस टाकताना त्याचा चेहरा बघवत नव्हता. मी मदत आणायला पुढे धावलो. पायथ्याशी गॅरीच्या पिकअप ट्रकमध्ये पाण्याचा कॅन होता. मदत आणायची तर आधी आपण शुद्धीवर हवं. पोटभर प्यायलो. सावलीत जरा टेकलो. गॅरीने बुटाने उठवलं.

२८ सप्टेंबर
ओजस हॉस्पिटलमध्ये, सलाइनवर. किडनीवर ताण आलाय. संत्र्याचा ज्यूस घेऊन भेटायला गेलो. त्याची बायको रुचा दारातच उभी. म्हणाली, झोपलाय. आतून त्याचा आवाज येत होता. ज्यूस परत आणला. गरम होईल म्हणून गाडीतच प्यायलो. घरी सलोनीने विचारलं, डोंगरावर तू नक्की किती पाणी प्यायलास. मी असलं मोजत बसत नाही.

२२ ऑक्टोबर
ओजसचा राजीनामा. दुसरी कंपनी व्हिसा करून देतेय. मी विचारलं, टीममध्ये काही प्रॉब्लेम होता का. तो म्हणाला, उतरताना मी तुला माझ्याच बाटलीतला एक घोट मागितला होता. तू म्हणालास, खाली गेल्यावर देतो. त्याने आवाज चढवला नाही, हे मला आवडलं. पण असं काही मला आठवत नाही. तेव्हा तो भ्रमात होता. पेशंटचं किती मनावर घ्यायचं.

१ नोव्हेंबर
मॅनेजर बाहेरून येतोय. तोवर ओजसचं काम मी करायचं. गॅरीने मेलनेच कळवलं, त्याची केबिन माझ्या डेस्कसमोर आहे तरी. ओजसचा कोड उघडला. काही कळेना. त्याच्या घरी फोन केला. रुचाने घेतला. माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, राँग नंबर.
नंबर तपासला. बरोबर आहे.
उद्या पुन्हा लावून बघतो.