फुलकोबीला कूलर, गव्हाला वनवास

सावंगी (मेघे),
वैशाखातली भर दुपार

तीर्थस्वरूप देवकाबाईस धाकट्या तानबाचा, वाकवेल तितकं वाकून, नमस्कार.

बाई, तुझे गुडघे काय म्हणतात? निकेशला, सूनबाईला आणि तुझ्या त्या मारक्या गाईला आशीर्वाद सांग. (गाईला अशासाठी की मागच्या खेपेला तिने मला शिंग लावलं, तरी मी मनात काही ठेवलेलं नाही.) आष्टीला ऊन कसं आहे हे विचारत नाही. आपल्या जिल्ह्यात वैशाखात उन्हाची चौकशी करणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. इकडे सर्व खुशाल आहेत. सर्व म्हणजे सरिता, तिची फुलकोबी, तिचा दुधी आणि गच्चीवरचा मुनगा (कॉलनीतल्या बायका त्याला शेवगा म्हणतात). मी खुशाल आहे की नाही, ते पुढे वाचून तूच ठरव.

फोन सोडून पत्र काऊन लिहिलं, असं तू म्हणशील. फोन लावला की तुझी भावजय समोर येऊन बसते आणि म्हणते, स्पीकरवर टाका, मलेही ताईशी बोलायचं आहे. व्हाट्सॲपवर लिहावं तर तुझा मोबाईल सदा निकेशच्या हातात. म्हणजे माझं दुःख संध्याकाळपर्यंत आष्टीच्या बाजारात कांद्यासोबत विकायला. पोस्टात मात्र आता कोणी डोकावत नाही. म्हणून हा कागद.

हिवाळ्यात मी दुकानात तांदळाच्या पोत्यावर कोसळलो, ते तुला ठाऊकच आहे. तू दवाखान्यात येऊन सगळ्यांदेखत मला 'मेल्या, खाण्यावर ताबा ठेव' म्हणालीस, तेही माझ्या लक्षात आहे. डॉक्टर भला माणूस. साखर वाढली आहे, गहू, भात, गूळ थोडं कमी करा, एवढंच म्हणाला आणि पुढच्या खाटेकडे गेला. तो ते विसरूनही गेला असेल. पण सरिता त्याच्या मागे उभी होती. 'थोडं' हा शब्द तिच्या कानात शिरलाच नाही आणि 'कमी' घरी पोचेपर्यंत 'बंद' झालं. त्या दिवसापासून, बाई, ज्याच्या बापाने गहू विकला, जो स्वतः जन्मभर गहू विकतो आहे, ज्याच्या दुकानात शरबतीची थप्पी छताला टेकली आहे, त्या तुझ्या भावाच्या ताटात पोळी येत नाही. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात ते हेच.

मग येतं काय? ऐक. फुलकोबी किसून वाफवतात आणि तिला भात म्हणतात. मी मुकाट्याने तिच्यावर वरण ओततो. वरणालाही कळतं की हा भात नव्हे, ते थांबत नाही, सरळ ताटाच्या काठाशी जाऊन बसतं. आलूच्या भाजीत आलूच्या जागी मुळा असतो. (मुळ्याबद्दल माझं वैर नाही. पण दुसऱ्याच्या जागेवर बसणारा माणूस मला कधीच आवडला नाही.) पोळीसाठी सोयाबीन, हरभऱ्याची डाळ, तीळ आणि जवस यांचं पीठ. त्याची पोळी लाटता येत नाही, भाकर थापता येत नाही. समजूत घालून तव्यावर न्यावी लागते आणि तिथे ती आपला विचार बदलते. चहात साखर नाही, हे तर मी तुला सांगतही नाही. बाकीच्यापुढे ते सुखच, आणि सुखाच्या गोष्टी कोणी पत्रात लिहितं का?

आणि भाज्या बाजारातून आणल्या तर त्यात औषधं असतात म्हणून गच्चीवर बाग. बागेला कुंड्या कोणत्या, तर माझी रिकामी पोती! 'उत्तम शरबती, एकदा खाल तर पुन्हा याल' असं छापलेल्या पोत्यात माती भरून त्यात वांगी लावली आहेत. बापाचं नाव असलेल्या पोत्यात शेणखत पाहून माझं काळीज हललं, पण बोलतो कोण? त्यात बाईसाहेबांना वैशाखात फुलकोबी हवी. अगं, या उन्हात इथे माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही, फुलकोबीचं कुठून राहील? मी एवढं म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी आपला बैठकीतला कूलर वर गेला. खालच्या बाजूने पाणी, समोरून ओली गोणपाटं, मध्ये फुलकोबीची चार रोपं वारा घेत झुलताहेत आणि मी खाली वर्तमानपत्राने वारा घेतो आहे. परवा वानरांची टोळी आली. त्यांनी वांगी खाल्ली, दुधी खाल्ला, मुनग्याच्या शेंगा मोडल्या आणि मग दोन म्हातारी वानरं कूलरसमोर दुपारभर बसली. त्यांना हाकलायचा धीर मला झाला नाही. मीही शेजारी जाऊन बसावं की काय, असं क्षणभर वाटलं.

हे सारं मी सोसलं असतं. पदरी पडलं, पवित्र झालं. पण आता आगीत तेल पडलं आहे. सरितेने दर गुरुवारी मागच्या अंगणात कॉलनीतल्या बायकांचा वर्ग सुरू केला आहे. विषय, गहू-भाताशिवाय स्वयंपाक. अंगणाला वाट दुकानातूनच. म्हणजे ज्या बायकांच्या सासवा माझ्याकडून वर्षाचा गहू भरत आल्या, त्या माझ्या थप्पीसमोरून, दारू पिऊन पडलेल्या नातेवाइकासमोरून जावं तशा, नजर चुकवून आत जातात आणि येताना मलाच विचारतात, शेट, फुलकोबी ठेवता काय. बाई, तू व्यापाऱ्याच्या घरची लेक आहेस, तुला काय सांगावं? वर्षाचा गहू याच दिवसांत जातो. आत्ता गेला नाही तर पाऊस लागताच किडे तो वाटून घेतील. दुकानदार दुकानात गहू विकतो आहे आणि त्याचीच बायको मागच्या दारी गव्हाची निंदा करते आहे. आपलेच दात अन् आपलेच ओठ.

म्हणून यंदा मी कंबर कसली. आपल्या बाबांची रीत तुला आठवतेच: मोसम लागला की नवा गहू दळून त्याच्या पुड्या जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी पाठवायच्या. पोळ्या करा, खा, मग सांगा किती पोती टाकू. एकदा पोळी पोटात गेली की गिऱ्हाईक कुठे जात नाही. मी शरबती दळून आणला, दुकानाच्या छापाच्या पुड्या बांधल्या, दोरा गुंडाळला आणि स्वयंपाकघराच्या ओट्याखाली ठेवल्या, कारण दुकानात उंदीर फार. सरितेने त्याच दिवशी, त्याच चक्कीवरून, आपलं ते समजूतदार पीठ दळून आणलं. कागद फुकटचा मिळतो म्हणून माझ्याच छापाच्या पुड्यांत भरलं, माझाच दोरा गुंडाळला आणि ओट्याखालीच ठेवलं. (तिला काटकसर मीच शिकवली. हात दाखवून अवलक्षण.) सकाळी घाईत मी पुड्या उचलल्या, सायकलवर टाकल्या आणि घरोघर वाटून आलो. प्रत्येक दारात छाती पुढे काढून सांगितलं, ताई, असा माल तुम्ही आजवर खाल्ला नसेल. आता मागे वळून पाहतो तर तेवढंच एक वाक्य खरं होतं.

तो नेमका गुरुवार. वर्गात त्या दिवशी पोळ्या होत्या. दुकानात बसून मला आतला गलबला ऐकू येत होता. आज पहा किती मऊ झाली! टम्म फुगली की वं! अगदी गव्हासारखी लागते! मीराबाई, त्या नर्स होत्या आणि आता निवृत्त आहेत, त्या तर म्हणाल्या की आता गहू घ्यायची गरजच राहिली नाही. हे त्या माझ्या शरबतीची पोळी तोंडात घेऊन म्हणाल्या! दुपारी मीही जेवायला बसलो. बाई, काय सांगू तुला. पदर सुटलेली, तूप लावलेली पोळी. मी खात गेलो आणि सरिता वाढत गेली. मी म्हटलं, आज जमलं बरं का तुला. लग्नानंतर स्वयंपाकाला मी एवढी मोकळी दाद पहिल्यांदाच दिली असेन.

संध्याकाळी तिने ते बोट टोचायचं यंत्र आणलं. आकडा असा चढला की यंत्रालाच घाम फुटला असेल. झालं. बसस्टँडवर जिलेबी खाल्ली ना? मी म्हटलं, नाही. मग सोनपापडी? नाही गं बाई. मी तुझी शपथ घेतली (माफ कर, जवळ दुसरं कोणी नव्हतं). आधी ती ओरडली, ते मला चालतं. मी सरावलेला माणूस आहे. पण मग ती एकदम खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. म्हणाली, "खा, पायजे ते खा. मले एकटी टाकून जाजा मंग. या घरात मी पोत्यांशी बोलत बसीन." बाई, तेव्हा मला फार वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? हिवाळ्यात कोसळलो तेव्हा मीही भ्यालो होतो, आणि डोळे उघडले तेव्हा पहिला चेहरा तिचाच होता. दोन दिवस मी दुकानातून आत आलो तो फक्त जेवायला. फुलकोबीसुद्धा मी न सांगता खाल्ली.

तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं आली. अनुसयाबाई सगळ्यांच्या पुढे, हातात अर्धी पुडी. दुकान भरलेलं. "काऊन हो शेट, हा कोन्ता गहू हाये? पोयी लाटली तं नकाशा झाला, तव्यावर टाकली तं माती झाली. तुमचे बाबा असते तं असं झालं असतं काय?" मी पुडी उघडली, वास घेतला आणि सगळा प्रकार डोक्यात लख्ख झाला. आत जाऊन सरितेला सांगितलं. ती बिचारी थक्क झाली. तोंडावर हात ठेवून, डोळे एवढे मोठे करून उभी राहिली. मी निर्दोष सुटलो, पण दुकानाची अब्रू गेली. आता सारी सावंगी म्हणते की तानबाचा गहू यंदा बिघडला.

म्हणून हात जोडून विनंती. सरिता या पृथ्वीतलावर एका तुलाच भिते. तू ये. गुडघ्यांचं निमित्त सांगून इथल्या दवाखान्यात दाखवायला ये, आणि तिला सांग की निदान गव्हाचा मोसम संपेपर्यंत वर्ग बंद ठेव आणि कूलर खाली आण. तुझ्या रागावर माझा संसार आणि दुकान, दोन्ही टेकून आहेत.

तुझा उपाशी भाऊ,
तानबा

ता. क. सगळी गिऱ्हाइकं रागावून आली, असं वर लिहिलं, ते तितकंसं बरोबर नाही. काही जणी पुडी घेऊन आल्या त्या तेच पीठ पुन्हा द्या म्हणायला. एकीच्या नवऱ्याची साखर म्हणे खाली आली. मेडिकलच्या पोरांची एक मेसवालीही विचारून गेली. मी तोंड वाकडं करून 'पाहतो' म्हटलं. व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नसतं, ही बाबांचीच शिकवण.

ता. क. दोन. पत्र आठवडाभर गल्ल्यातच पडून राहिलं. तेव्हा बाई, तुझ्या शेतात यंदा जवस चांगलं झालं, असं निकेश म्हणत होता. ते दुसऱ्या कोणाला देऊ नको. असेल तितकं चाळून एसटीने पाठव. माझ्याकडचं संपलं आणि मेसवाली घाई करून राहिली आहे. पाटीवर 'शरबती'च्या खाली 'सरिता स्पेशल पीठ' असं रंगवून घेतलं आहे. अक्षरं अंमळ मोठी झाली, रंगाऱ्याची चूक.

ता. क. तीन. तू इतक्या उन्हात येऊ नको. आलीसच तर सरितेला काही बोलू नको. वर्ग आता दुकानासमोर भरतो, मांडव मीच टाकला आहे. परवा डॉक्टरने तपासलं, बरं आहे म्हणाला. तिला बरं वाटलं की मलाही वाटतं.

ता. क. चार. पाकीट चिकटवायचं राहिलं. पूर्वी भाताच्या दोन शितांनी काम व्हायचं. आता घरात भात नाही आणि फुलकोबी कागदाला चिकटत नाही, करून पाहिलं. दुकानातून डिंक घेऊन येतो, तोवर पाकीट ओट्यावर ठेवतो.

ताईले सरिताचा नमस्कार. ते डिंक शोधून राह्यले, तवर दोन ओळी लिहितो. जवस पाठवजा, पन भाव त्यायले सांगाच्या आधी मले सांगजा, हिशेब आता मी पाह्यतो. अन् ताई, पुडी उघडली तवाच वासावरून मले समजलं होतं का हा शरबती हाये. इतके वर्ष गव्हाच्या घरात राह्यली, मले गहू वयखू येनार नाई काय? वर्गातल्या बायांनी तारीफ केली तं मी चूप राह्यली, इज्जतीचा सवाल होता. माह्या पुड्या गिऱ्हाइकांच्या घरी गेल्या हेही समजलं, म्हटलं जाऊ द्या, फुकटात जाहिरात. पन ह्यायले वाढतानी माहा हात नाई थांबला. चार महिन्यांपासून मानूस पानावरून अर्धपोटी उठून राह्यला होता, ताई, अन् तोंडानं एक शबद नाई. म्हटलं, एक दिवस जेवू द्या पोटभर. मंग आकडा पाह्यला. ओरडली त्यायच्यावर, रडली मात्र सोतावर. त्यायले सांगू नका. जिलेबी खाल्ली नाई म्हनून त्यायनं तुमची शपथ घेतली, ते खरंच बोलत होते.