एकूणच्या पुढची मोकळी जागा

बाई,

तुमच्या टायपिंग क्लासच्या गल्लीत आता मोबाईलच्या काचा बदलून देणारी दुकानं झाली आहेत. सात रस्त्याच्या चौकातून आत वळलं की दोन्ही बाजूंनी पोरं हाका मारतात, "या काका, काच, कव्हर, बॅटरी!" तुमच्या दाराच्या जागी शटर आहे. माझं ऑफिस तिथून हाकेच्या अंतरावर. इथंच का घेतलं असं कुणी विचारलं तर मी सांगतो, पार्किंग बरं आहे. पार्किंग अजिबात बरं नाही. माझा धंदा काय हे तुम्हाला कधी सांगता आलं नाही, कारण तुम्ही होता तेव्हा तो मला स्वतःलाच धड ठाऊक नव्हता. कारखान्यांची, पंपवाल्यांची, यंत्रमागवाल्यांची जाडजूड माहितीपुस्तकं असतात ना, कुठला व्हॉल्व्ह आधी उघडायचा आणि कुठला नंतर, ती मी कॉम्प्युटरवर अशी मांडून देतो की यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला मोबाईलवर वाचता यावीत. माळशिरसकडच्या मेंढपाळाचं पोर आता 'सर' झालंय. म्हणजे बाहेरच्यांचा सर. ऑफिसात जी पोरगी सगळं काम ओढते ती मला अण्णा म्हणते आणि माझं फारसं ऐकत नाही.

आज लिहायला बसलो त्याला कारण त्या पोरीच्या तोंडून मागच्या महिन्यात सहज गेलेलं एक वाक्य आहे. पण त्याच्या आधी तुमचं स्वयंपाकघर सांगायला हवं, नाहीतर त्या वाक्यात काहीच नाही.

पुढच्या खोलीत मशिनं, मध्ये एक विटका पडदा, पडद्यामागं तुम्ही. आम्ही बाहेर बोटं बडवतोय, तुम्ही आत ज्वारीची भाकरी थापताय, आणि दोन्ही आवाज एकात एक मिसळलेत. तरी मधूनच तुमची हाक येते, "तीन नंबर! दोन बटनं एकदम दाबलीस की रे. काड्या अडकल्या, सोडव आता हातानं." तीन नंबरचं मशिन माझं. पडद्याआडून तुम्हाला कसं कळतं याचं बाकीच्यांना नवल वाटायचं, मला नाही वाटायचं. आमच्या दादांना, म्हणजे वडलांना, अंधारात पडल्या पडल्या कळायचं, कळपातलं कुठलं मेंढरू बाजूला चाललंय, गळ्यातल्या घंटीवरून. कान मला त्यांच्याकडून आले. पण त्या कानांना काम तुम्ही दिलंत. एकदा मी ओळ मधोमध आणायला स्पेसबार नुसता दणादणा हाणत होतो, तर तुम्ही पिठाच्या हातानं बाहेर आलात. "साकु, साकु! पुरे! ती काय मेंढरं हाकायची काठी हाय? अक्षरं मोज, निम्मी कर, मधल्या जागेपासनं तेवढं मागं ये." आणि माझ्या खांद्यावरून वाकून स्वतःच मोजायला लागलात, ओंदु, एरडु, मूरु. अक्कलकोटकडच्या माणसाचं बोलणं मराठीत आणि मोजणं कानडीत. मी अजून कानडीतच मोजतो. मला कानडी तेवढंच येतं. तेवढं आणि साकु.

घंटीचंही तिथंच. ओळ संपायला आली की मशिन टिंग करतं, आणि नव्या पोराची बोटं जागच्या जागी गोठतात. तुम्ही म्हणायचात, "वाजली म्हणून घाबरायचं न्हाई. हातातला शब्द पुरा करायचा, मग खाली यायचं. ती थांब म्हणत न्हाई रे, आवर म्हणती."

आणि तुमचं एक रागावणं. कोर्टाच्या कामाचं कुणाचं तरी लांबलचक प्रतिज्ञापत्र तुम्ही विश्वासानं माझ्यापुढं टाकलं होतंत. प्रत्येक पानाखाली 'पान अमुक, एकूण तमुक' असं लागायचं. मी हुशारी केली. हस्तलिखिताचा अंदाज घेतला आणि पहिल्या पानापासून एकूणचा आकडा ठोकत गेलो. शेवटी पान एक जास्त झालं. तुम्ही गठ्ठा हातात घेतला, शेवटचं पान बघितलं, पहिलं बघितलं, आणि पडदा बाजूला सारून सगळ्यांदेखत म्हणालात, "हे आले बघा देवाचे कारकून! शेवट बघायच्या आधीच ह्यांना आकडा ठाव." सगळा क्लास हसला. मग तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि आवाज उतरवलात. "एकूणच्या पुढं जागा सोडायची. मोकळी. समदं झालं की पेनानं भरायची. जागा सोडायला लाज कसली?" मी सगळं पुन्हा टाईप केलं, प्रत्येक पानाखाली मोकळी जागा सोडून. आकडे तुम्ही तुमच्या पेनानं भरलेत, पानं शिळ्या भाकऱ्यांसारखी एकावर एक रचत.

आता त्या वाक्याचं. एका साखर कारखान्याचं पुस्तक आलं होतं. बॉयलर, टर्बाईन, पंप, सगळं एकत्र. नकाशे असे की उलगडले तर सतरंजी होईल. त्यांच्या चीफ इंजिनिअरनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "मागच्या हंगामात पुस्तक कपाटात, माणूस पंपापाशी, आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडं तो सुट्टीवर. माझा करकंबचा फिटर वाफेत उभा राहून मला फोनवर विचारतोय, साहेब आधी कुठलं बंद करू? मला तसं पुन्हा नकोय. बॉयलर पेटायच्या आत पुस्तक त्याच्या मोबाईलवर पाहिजे. जमत नसेल तर आत्ताच सांगा, पुण्याला देतो." मी म्हटलं, जमतंय की. पुण्याचं नाव निघालं की सोलापूरच्या माणसाला सगळंच जमतं.

आणि मग ते जमेना. एक एक प्रकरण वेगळं दिलं तर कॉम्प्युटर मुकाट पानं पाडतो. सगळं पुस्तक एकत्र दिलं की अर्ध्याच्या जरा पुढं जाऊन पाय पसरतो. पडद्यावर एकच रडगाणं, मेमरी पुरत नाही. "अण्णा, परत बोंबललं," पोरगी म्हणते. मी म्हणतो, मेमरी वाढव. वाढवली. पहिल्यापेक्षा थोडं पुढं जाऊन बोंबललं. नकाशे जड असतील म्हणून ते हलके केले. तरी तेच. मग आम्ही पुस्तकाचे दोन भाग केले, त्यातल्या एकाचे पुन्हा दोन, गहू निवडावेत तसं, खडा कुठं आहे बघायला. खडा कुठंच नाही. प्रत्येक तुकडा निर्दोष, आणि एकत्र आले की भांडण. आमच्या भावकीसारखं, मी म्हटलं. पोरगी हसलीसुद्धा नाही. तारीख जवळ येत होती.

तेव्हा मी तुमच्यासारखं केलं. कॉम्प्युटरच्या पडद्याकडं पाठ करून खुर्चीत बसलो आणि नुसतं ऐकत राहिलो. मशिनचा पंखा पहिल्या पानापासून चढत होता. चढत होता आणि उतरतच नव्हता. चालणारं माणूस दम घेतं, टाकतं; हे नुसतं घेत होतं. मी म्हटलं, "पोरी, हे हातातलं काहीच खाली ठेवत न्हाई बघ. झालेलं पानसुद्धा उराशी धरून बसलंय. का बसलंय?" तिनं मान तिरकी केली, मग उघडलेली पानं वरखाली करून बघायला लागली, आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला. "अय्यो, अण्णा! खाली बघा की. पान अमुक, एकूण तमुक. एकूण किती, ते शेवटचं पान झाल्याबिगर त्याला कळणार कसं? म्हणून पहिलं पानबी बंद होत न्हाई. सगळी पानं एका आकड्यासाठी वाट बघत थांबलीत, आन् जोवर वाट बघायलीत तोवर मेमरीतनं हलत न्हाईत."

हे ते वाक्य. मी तिला म्हटलं, जरा चहा घेऊन येतो. चहा समोरच टेबलावर होता.

कारण बाई, मला तुमची शेवटची भेट आठवली. माझा पहिला कॉम्प्युटर घेतला होता आणि ते तुम्हाला सांगायला पेढे घेऊन आलो होतो. क्लास बंद पडल्यात जमा होता, मशिनांवर चादरी. तुम्ही पलंगावर, उशीला टेकून. सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "त्याला घंटी हाय का रे?" मी हसलो. "न्हाई बाई, तो आपोआप खालच्या ओळीवर येतो. घंटी लागत न्हाई." तुम्ही पेढा मोडून निम्मा माझ्या हातावर ठेवलात. "मग माणसाला कळायचं कसं, ओळ संपत आली म्हणून?" मी पेढ्यांचा पुडा तुमच्या उशाशी सरकवला. निघताना म्हणालात, "पुढच्या खेपेला ये, तुला एक सांगायचंय." मी म्हटलं, आत्ताच सांगा की. "आत्ता दम लागतोय. ये की. कुटं पळून चाललीय का मी?" मी गावाकडं गेलो, बहिणीचं लग्न होतं. परत आलो तर तुमच्या दारापुढं हातगाडी, आणि तिच्यावर मशिनं चढवणं चाललेलं. अक्कलकोटहून तुमच्या बहीण आल्या होत्या. त्यांना विचारलं, माझ्यासाठी काही निरोप होता का? त्या म्हणाल्या, "न्हाई बा. तुम्ही तीन नंबर का?" बस्स, एवढंच. त्यांना माझं मशिन ठाऊक होतं, निरोप नव्हता.

तेव्हापासून मी ते काय असेल याचा अंदाज बांधतोय. ऑफिस उघडलं तेव्हा वाटलं, हेच सांगणार होत्या, नोकरीच्या मागं लागू नकोस. पोरगा झाला तेव्हा वाटलं, छे, ते काहीतरी घरचं असणार. तुम्ही घरातलं बोलत नव्हता, आम्हीही विचारलं नाही. पडद्यामागं भाकरी एकाच माणसाच्या व्हायच्या, हे मात्र मी ऐकलं होतं. मोजलं होतं, कानडीत. कधी वाटतं, साधंच असेल. तीन नंबरच्या घंटीला तेल दे, एवढंच असेल. पण साधं असलं तरी ते तुमच्या तोंडचं होतं. प्रत्येक अंदाज मी प्रतिज्ञापत्रासारखा पुन्हा टाईप करतो, आणि प्रत्येक वेळी पान एक जास्त होतं. चाळीस वर्षांचा संसार झालेली माणसं गेल्यावर लोक सावरतात. मी तुमच्याकडं नुसता टायपिंग शिकायला येत होतो. पण तुमचं वाक्य पुरं झालं नाही, म्हणून त्या खोलीतलं एकही पान बंद होत नाही. पडदा आहे तिथंच आहे. पीठ लागलेला हात माझ्या खांद्यावरून अजून मागं गेलेला नाही.

पुस्तकाचं सांगतो. परत येऊन पोरीला म्हटलं, एकूणच्या पुढं जागा मोकळी सोड. सगळी पानं होऊ देत, एकेक पान खाली ठेवत जाऊ देत. मग किती झाली ते बघ, आणि दुसऱ्या फेरीत नुसता आकडा भर. ती म्हणाली, "दोन फेऱ्या? वेळ जाईल की." मी म्हटलं, जाऊ दे. आणि पंखा चढला, उतरला, चढला, उतरला, माणसासारखा. पुस्तक बॉयलर पेटायच्या आत गेलं. करकंबच्या त्या फिटरनं पंपापाशी उभं राहून उघडलं आणि इंजिनिअरसाहेबांच्याच फोनवरून मला म्हणाला, "दिसतंय की सायेब, लई झ्याक दिसतंय. पण अक्षर जरा मोठं करा." आता एकेक प्रकरण पुरं झालं की आमचा कॉम्प्युटर टिंग करतो. ते मी बसवून घेतलंय. पोरगी वैतागते, "अण्णा, बंद करा की ते." मी करत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला इतकी वर्षं लागली, आता ते थोडं वाजू दे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून त्याला पाकीट नाही. पण पानाखालची रीत मोडवली नाही. प्रत्येक पानाखाली लिहिलंय, पान अमुक, एकूण, आणि पुढं जागा. मघाशी पोरगी मागून डोकावून म्हणाली, "अण्णा, तुमचा आकडा भरायचा राहिला." मी म्हटलं, बघतो. पेन हातात आहे, बाई. शेवटचं पान समोर आहे, एकूण किती ते मला दिसतंय. भरलं की ही पानं मेमरीतून हलतील, हे मला त्या पोरीनंच शिकवलंय. म्हणून भरत नाही.