सातवं वाक्य

दि. ३ जून

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. खोकला गेला म्हणतेस, पण अक्षर अजून खोकल्यासारखंच उड्या मारतंय, तेव्हा गरम पाणी पीत राहा.

आता माझी भानगड ऐक. आमच्या निर्जंतुक करण्याच्या खोलीत नवं यंत्र आलंय. ऑपरेशनच्या कात्र्या-चिमटे कापडात बांधायचे, पाकिटं वाफवायची आणि कोरडी करून वर पाठवायची, हे काम मी वीस वर्षं करतेय. पण ह्या यंत्राच्या सूचनांचा तक्ता इंग्रजीत आहे. त्यात शेवटी लिहिलंय, ‘लीव्ह द डोअर ओपन’. आमच्या इनचार्जबाईंनी लीव्ह म्हणजे सोडा एवढंच वाचलं आणि सगळ्यांना बजावलं की दाराचा नाद सोडा, कुणी हात लावायचा नाही. झालं! दार बंद, वाफ आत कोंडलेली, पाकिटं सगळी ओलीचिंब. दोन ऑपरेशनं दुसऱ्या दिवसावर गेली.

बाई तशाही निवृत्त व्हायच्या होत्या, त्या गेल्या. आता मेट्रनबाईंनी फर्मान काढलंय की ज्याला इनचार्ज व्हायचंय त्याने इंग्रजीचा पेपर द्यायचा, पंचवीस जुलैला. नापास झाले तर ह्या यंत्रापाशी ठेवणार नाहीत, मला खाली धुलाईखात्यात धाडणार. त्या खोलीतली एकेक कात्री मी चेहऱ्याने ओळखते गं. त्रेपन्नाव्या वर्षी तिथून उठून चादरी पिळायला जायचं माझ्या जिवावर आलंय.

पुस्तक आणलंय. पहिले दोन धडे रेटले आणि तिसऱ्याला गाडी अडली. ऑब्जेक्ट आणि कॉम्प्लिमेंट ओळखा, म्हणजे कर्म आणि पूरक. कर्म मला जन्मभर चिकटलेलं आहे, पण वाक्यात ते कुठे बसलंय ते काही दिसत नाही. तुझे बाबा असते तर शब्दकोश घेऊन बसले असते आणि मला सगळं चुकीचं शिकवलं असतं, पण किती ऐटीत! दोन वर्षं झाली, अजून अशा वेळी त्यांना हाक मारायला तोंड उघडतं.

फोनवर सांगू नकोस. फोनवर मी हो हो म्हणते आणि ठेवला की पाटी कोरी. कागदावर लिही, लाल शाईने चुका काढ, आणि लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मावशी

दि. ११ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी शिक्षकांच्या खोलीत वाचलं आणि ओल्या पाकिटांपाशी इतकी हसले की गणिताच्या सरांनी खिडकी लावून घेतली. मग दोन ऑपरेशनं आठवली आणि हसू आवरलं.

आता लक्ष दे. तुमचंच वाक्य घेऊ. ‘लीव्ह द डोअर ओपन’. क्रियापदाला विचार, काय? उत्तर आलं, दार. ते कर्म. मग विचार, ते कसं ठेवायचं? उघडं. ते पूरक. ते नसलं तर वाक्य अर्धवट राहतं, आणि इनचार्जबाईंनी नेमका तेवढाच अर्धा भाग वाचला.

पण नेहमी इतकं सरळ नसतं, म्हणून एक युक्ती सांगते. शेवटच्या दोन शब्दांत ‘आहे’ घालून बघ. दार उघडं आहे. जमलं, म्हणजे पूरक. आता ‘शी गेव्ह मी अ टॉवेल’ घे. मी टॉवेल आहे? नाही ना? म्हणजे टॉवेल हे पूरक नाही, दोन्ही कर्मंच. आणि ‘मावशी इज टायर्ड’ म्हटलं तर तिथे कुणी कुणाला काही करतच नाही. कर्म नाही. ‘टायर्ड’ हे मावशीचंच वर्णन, म्हणून मावशीचं पूरक.

तुझ्या खोलीतली, कामाची पाच वाक्यं कर आणि पाठव. पुस्तकातली उतरवलीस तर मला कळेल. जेवणाच्या वेळी पुस्तक उघडं ठेवू नकोस, तू मला ठेवू देत नव्हतीस.

लोभ मागत नाही, हक्काने घेते.

तुझी,
खारूताई

दि. २२ जून

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

मास्तरीणबाई, गृहपाठ घ्या.

एक, ‘द स्टीम मेड माय फेस रेड’. वाफेने केलं, काय केलं? माझं तोंड. कर्म. कसं? लाल. पूरक. दोन, ‘मेट्रन मेड मी टी’. मी चहा आहे का? नाही. म्हणून दोन्ही कर्मं. शिवाय वाक्य धादांत खोटं आहे, त्या कुणाला पाणीसुद्धा विचारत नाहीत. तीन, ‘मेट्रन कॉल्ड मी अ डाँकी’. हे खरं आहे, मंगळवारी म्हणाल्या. मी कर्म, गाढव पूरक. ‘आहे’ घालून पाहिलं, मी गाढव आहे, अगदी चपखल बसतंय. व्याकरणाने माणसाचा इतका अपमान करावा? चार, ‘वुई कीप द लिड शट’. झाकण कर्म, बंद पूरक. पाच, ‘द पॅकेट्स आर ड्राय’. ड्राय कर्म.

पोस्टातल्या बाई म्हणाल्या की ह्या वयात एवढी जाड पत्रं कुणाला जातात! मी म्हटलं, सासर-माहेर नव्हे, शाळा आहे माझी.

आता एक विचारायचंय. सरावाला कोरे कागद हवे होते म्हणून तुझ्या जुन्या वह्यांची पेटी काढली. सहावीतल्या एका वहीत दहा वाक्यं तयार करा असं आहे. त्यातलं सातवं, ‘आय कॉल्ड हर मदर’. मी दोन दिवस ते बघतेय. ‘हर मदर’ एकत्र घेतलं तर तिची आई, आणि मी तिला बोलावलं. पण तोडून घेतलं, हर वेगळं आणि मदर वेगळं, तर तुझी युक्ती लागू पडते. ती आई आहे. मग अर्थ होतो, मी तिला आई म्हटलं. ह्यातलं कोणतं धरायचं?

लोभ राहो, आणि लाल शाई कमी लागो.

तुझी,
मावशी

दि. २९ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पहिली चार वाक्यं बिनचूक. पाचव्यात ‘ड्राय’ हे पाकिटांचं वर्णन आहे, म्हणून पूरक. ‘इज’ आणि ‘आर’ दिसलं की कर्म शोधू नकोस, तिथे ते राहत नाही.

सातव्या वाक्याची दोन्ही उत्तरं व्याकरणाला चालतात. परीक्षेत असलं दुटप्पी वाक्य देत नाहीत, काळजी नको. सोबत सरावाची वीस वाक्यं जोडली आहेत. आज पेपर तपासायचे आहेत म्हणून आवरतं घेते.

लोभ असू दे.

तुझी,
खारूताई

दि. ५ जुलै

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

वीस वाक्यं सोडवली, सोबत आहेत.

व्याकरणाला काय चालतं ते समजलं. पण वही तुझी आहे. तू काय लिहिलं होतंस?

मावशी

दि. १६ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

वीसपैकी अठरा बरोबर. तू पास होणार.

उत्तर द्यायला उशीर केला, कारण तीनदा लिहून फाडलं. दोनदा मी लिहिलं होतं की होय, ते तुझ्याबद्दलच होतं. तुला बरं वाटलं असतं, मलाही. पण न तपासलेलं पाकीट तू कधी वर पाठवत नाहीस, आणि मी हे तुला कसं पाठवू?

खरं असं की ते वाक्य लिहिल्याचं मला आठवत नाही. आणि शिक्षिका म्हणून सांगायचं तर सहावीत आम्हाला पूरक शिकवलंच नव्हतं, ते नववीत आलं. बारा वर्षांच्या मुलीने ते वाक्य साधंच लिहिलं असणार. ‘हर मदर’ हे एकच कर्म. कुणाची तरी आई, तिला मी बोलावलं. पूरक नाही.

आता आठवतं ते लिहिते. तू लग्न होऊन घरात आलीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तू चपला काढत होतीस, आणि मला म्हणालीस की तोंडाला सोपं जाईल ते म्हण. मी मावशी म्हटलं, कारण शेजारच्या मावशी मला आवडायच्या. त्यात राग नव्हता गं. पुढे मला ते बदलावंसं वाटू लागलं, पण तोवर फार उशीर झाला होता. एखाद्याचं नाव विचारायचं राहून जातं आणि वर्षभराने विचारायची लाज वाटते ना, तसं. पंधराव्या वर्षी एकदा आरशासमोर म्हणून पाहिलं. चार-पाच वेळा म्हटलं, जमलं. मग धीर करून स्वयंपाकघरात आले, तर तू पाठमोरी होतीस आणि विचारलंस की दोरीवरचे कपडे काढलेस का. मी म्हटलं काढते, आणि गच्चीवर गेले. तिथे कपडे काढता काढता थोडं रडले. तेवढंच.

वीस वर्षं झाली त्याला. मी रोज मुलांना पूरक शोधायला शिकवते.

लोभ कमी करू नकोस.

तुझी,
खारूताई

दि. ३१ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पेपर होऊन आठवडा होत आला. पत्र नाही. फोन केला तर तू म्हणालीस दूध उतू जातंय. तासभर दूध उतू जात नाही. रागावली असशील तर तसं लिही, पण लिही.

तुझी,
खारूताई

दि. १० ऑगस्ट

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

रागावले नाही. दूध मात्र खरंच उतू गेलं, कारण मी तुझं पत्र हातात घेऊन उभी होते. उत्तर लिहायला बसले की पेपरातल्यासारखा दरदरून घाम फुटायचा.

आधी माझा गुन्हा कबूल करते. वहीतलं सहावं वाक्य मी तुला सांगितलं नव्हतं. ते होतं, ‘माय फ्रेंड हॅड अ फीव्हर’. मैत्रिणीला ताप आला, मी तिच्या आईला बोलावलं. कुणीही शेंबडं पोर सांगेल. मला पहिल्याच दिवशी समजलं होतं. तरी मी सहाव्यावर अंगठा ठेवून सातवं वाचत बसायचे. आणि वर तुला विचारलंही, म्हटलं चुकून हो म्हणालीच तर! तू हो म्हटलं असतंस तर मी आनंदाने फसले असते, पण नंतर तुझ्या लाल शाईवर माझा विश्वास उरला नसता. वाचून दुखलं. मग गच्चीपर्यंत वाचलं आणि दुसऱ्यांदा दुखलं, पण ते दुखणं मी कुणाला देणार नाही. त्या दिवशी कपडे कशाला विचारले मी! आभाळही आलेलं नव्हतं.

आता नाव बदलू नकोस. मावशी म्हटलं की सव्वीस वर्षं मी ओ देतेय. दुसऱ्या कशाने हाक मारलीस तर मी मागे वळून बघेन की कोण आलं.

आणि भित्री तू एकटी नव्हतीस. तू नऊ वर्षांची होतीस, तुझं एक वेळ ठीक. मी सत्तावीस वर्षांची घोडी होते. कुणी विचारलं की मी आजवर ‘ह्यांची मुलगी’ असंच सांगत आले. तू दाराआड असशील, तुला आवडणार नाही, असं वाटायचं. नंतर तू दाराआड नसतानाही तेच तोंडात बसलं. ते गेले, तरी मी ‘ह्यांची मुलगी’च म्हणत होते.

काल निकाल लागला. चौसष्ट गुण. कर्म-पूरकाचा प्रश्न पूर्ण बरोबर. मेट्रनबाईंनी बोलावून खोलीची किल्ली दिली, आणि इतकं इंग्रजी कुठे शिकलात म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझ्या मुलीने शिकवलं.

त्यांनी मानही वर केली नाही. वहीत सही घेतली आणि मुलगी काय करते म्हणाल्या. मग मी सांगू लागले. तुझी शाळा, तुझा खोकला, तू पहिल्या पगाराची आणलेली घडीची छत्री, जेवताना पुस्तक वाचायची खोड, सगळं. किती वेळ बोलत होते कोण जाणे. शेवटी त्या म्हणाल्या की इनचार्जबाई, मुलगी गुणी आहे हे कळलं, आता खोलीत जा, पाकिटं खोळंबलीत.

सुट्टी लागली की ये. लोभ आहे, तो दोघींनी मिळून वापरू.

तुझी,
मावशी